बैठक कुठे भरवायची? एका नियमाची कुळकथा

जिओचा कारभार चालतो तो नवी मुंबईतल्या घणसोलीहून. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि कोट्यवधी मोबाइलना आयपीव्ही६ या नव्या पद्धतीचे पत्ते मिळू लागले. जुन्या पद्धतीत साऱ्या जगासाठी मिळून सुमारे ४३० कोटी पत्ते होते आणि त्यांचा मध्यवर्ती साठा २०११ मध्येच संपला होता. नव्या पद्धतीची शिफारस मात्र त्याच्या कितीतरी आधी, जुलै १९९४ मध्ये, कॅनडातल्या टोरंटोत मांडली गेली. निमित्त होतं इंटरनेट इंजिनीअरिंग टास्क फोर्सच्या, म्हणजे आयईटीएफच्या बैठकीचं. इंटरनेटचे तांत्रिक नियम घडवणारा हा समुदाय वर्षातून तीनदा जगात कुठेतरी जमतो. भारतात तो आजवर एकदाही जमलेला नाही.

पहिली बैठक जानेवारी १९८६ मध्ये अमेरिकेतल्या सॅन डिएगोत झाली. हजर होते २१ जण. सगळी मंडळी अमेरिकी सरकारच्या पैशावर चालणाऱ्या संशोधनातली, त्यामुळे जागेचा प्रश्न कधी पडलाच नाही. पुढे विद्यापीठं आली, कंपन्या आल्या, गर्दी शेकड्यांवर गेली आणि बैठका हॉटेलांत भरू लागल्या. जुलै १९९३ मध्ये ॲमस्टरडॅमला बैठक झाली, तेव्हा ती पहिल्यांदा उत्तर अमेरिकेबाहेर पडली. आशियात यायला २००२ उजाडलं. ते शहर होतं जपानचं योकोहामा.

दरम्यान एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली होती. बैठक एकाच भागात भरत राहिली की तिथली माणसं सकाळी घरून निघून हजर होतात आणि बाकीच्यांचे विमानभाडं, रजा, व्हिसा यांत हात पोळतात. खर्च न झेपणारा गळतो आणि त्याच्यासोबत त्याच्या देशाच्या अडचणीही चर्चेतून गळतात. म्हणून पाळी लावण्याची रीत आली: वर्षाला एक बैठक उत्तर अमेरिकेत, एक युरोपात, एक आशियात, अधूनमधून एखादी या तिन्हींच्या बाहेर, जशी २०१६ मध्ये ब्युनॉस आयरिसला झाली. भिशी घरोघर फिरते, तशीच ही व्यवस्था. २०२० मध्ये ती आरएफसी ८७१९ या दस्तऐवजात लेखी आली; आरएफसी म्हणजे आयईटीएफचा क्रमांकित दस्तऐवज. प्रवासाचा त्रास सर्वांनी वाटून घ्यावा आणि काम करणारी माणसं जिथे आहेत तिथे जावं, हे त्यामागचं तत्त्व.

खंड ठरला तरी शहर ठरवताना वाद व्हायचेच. २०१० च्या बीजिंग बैठकीआधी जागेच्या करारातल्या राजकीय बोलण्यावरच्या अटींवरून रण माजलं. २०१७ च्या सिंगापूर बैठकीआधी सदस्यांनी विचारलं, समलिंगी जोडीदाराला तिथल्या कायद्याचं संरक्षण आहे का? अशा अनुभवांतूनच आरएफसी ८७१८ तयार झाला. त्यातल्या काही अटी अनिवार्य आहेत: जागा पुरेशी हवी, व्हीलचेअरवरून येणाऱ्याला वावरता आलं पाहिजे आणि इंटरनेट कुठल्याही आडकाठीविना मिळालं पाहिजे. जवळ राहण्याची सोय, चालत जाता येईल अशी खाण्याची ठिकाणं आणि घोळक्याने उभं राहून बोलायला मोकळी जागा यांनाही वजन आहे, कारण अडलेले मुद्दे बरेचदा सत्राबाहेरच्या गप्पांत सुटतात. काय साधायचं नाही, हेही त्यात लिहिलं आहे. जास्तीत जास्त गर्दी जमवणं हा हेतू नाही आणि पर्यटन तर नाहीच.

ही यादी हातात घेऊन नवी मुंबईतल्या वाशी स्टेशनबाहेर उभं राहून पाहा. सिडकोचं प्रदर्शन व अधिवेशन केंद्र जवळच आहे. खाण्याची ददात नाही; डोशापासून थाळीपर्यंत सगळं पायाशी. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या स्वतःच्या विमानतळावरून विमानंही उडू लागली. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारी तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द केली, म्हणजे सिंगापूरला विचारलेल्या प्रश्नाचा निदान एक भाग इथे सुटला आहे. पण व्हीलचेअर घेऊन स्टेशनपासून निघालात, तर फुटपाथची उंच कड आणि त्यावर लावलेल्या दुचाकी लगेच आडव्या येतात. आपल्याकडे सरकारी आदेशाने संकेतस्थळं बंद होतात, आणि इंटरनेटची अट तर अनिवार्य आहे. पाकिस्तानातल्या अभियंत्याला इथला व्हिसा मिळवणं फार कठीण. या उणिवा नुसतं मोठं सभागृह बांधून भरून निघणार नाहीत.

तरीही मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते पाळीमागचं तत्त्व: बैठक काम करणाऱ्यांच्या मागे जाते. आयईटीएफला सभासदत्व नाही, वर्गणी नाही. नव्या नियमाचा मसुदा लिहायला कोणाची परवानगी लागत नाही. ऐरोली, महापे, रबाळे इथल्या डेटा सेंटरांत रात्रपाळी करणाऱ्या अभियंत्यांना हे नियम प्रत्यक्षात कुठे अडतात ते रोज दिसतं. इथल्या कंपन्यांनी त्यांना कामाच्या वेळेतले काही तास मसुदे वाचायला आणि लिहायला द्यावेत, इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी आरएफसी वर्गात शिकवावेत. बैठकीसाठी मागणी करायची असेल, तर तिची सुरुवात या लिखाणापासून व्हायला हवी. सभागृहाचं आरक्षण त्यानंतरचं काम आहे.