आधी सही, मग सभा

गटाच्या ठराव वहीवर आधी सही झाली आणि सभा नंतर बोलावली, तर आपण विचारतोच ना, "हे कसं काय?"

१९७५ साली देशाच्या कारभारात असंच घडलं. २५ जूनच्या रात्री राष्ट्रपतींनी आणीबाणीच्या कागदावर सही केली. मंत्रिमंडळाला कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी. विरोधी नेते तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. तरी पुष्कळ जण म्हणत, "गाड्या वेळेवर येतात, आपल्याला काय करायचंय?"

पंडित नेहरूंनी ज्या शंकरना "मलाही सोडू नका" असं सांगितलं होतं, त्यांचं व्यंगचित्रांचं साप्ताहिक 'शंकर्स वीकली' ऑगस्टअखेर बंद झालं. डिसेंबरात मात्र अबू अब्राहम यांचं एक चित्र छापून आलं. राष्ट्रपती न्हाणीघरातल्या टबात बसलेत आणि तिथूनच सही केलेला वटहुकूम दाराबाहेर देताहेत! न वाचता होणाऱ्या सह्यांवर याहून नेमकं बोट कुणी ठेवलं असेल?

त्याच महिन्यात कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवत उघडपणे आणीबाणीविरुद्ध बोलल्या. पुढे त्यांना अटक झाली. मार्च १९७७ मध्ये मतदारांनी ते सरकार घालवलं, पण तोवर एकवीस महिने गेले होते.

म्हणून बायांनो, ग्रामसभेत वही पुढे आली की आधी म्हणा, "वाचून दाखवा." कुणी हसलं तर हसू दे. सही त्यानंतरच.