कृतज्ञतेचा वटवृक्ष : साताऱ्याचे एक वसतिगृह

दक्षिण महाराष्ट्रातील जैन समाजाची शैक्षणिक वाटचाल प्रामुख्याने वसतिगृहांच्या आधाराने झाली, हे सर्वश्रुत आहे. खेड्यातील पाटलाचा वा शेतकऱ्याचा मुलगा शहरात आला, की बोर्डिंगातील दोन वेळचे अन्न आणि झोपण्यापुरती जागा यांच्या जोरावरच त्याचे शिक्षण पार पडे. असा विद्यार्थी आपल्या बोर्डिंगाचे ऋण कसे मानतो आणि कसे फेडतो, याचा विचार करू लागता पहिले नाव आठवते ते पद्मभूषण कर्मवीर भाऊराव पाटील यांचे.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे झाला. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात ते शिकत असता अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी उभारलेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते गेले, आणि परतल्यावर स्नान करण्यास त्यांनी नकार दिला. अधीक्षक अण्णासाहेब लठ्ठे यांनी त्यांना बोर्डिंगातून काढून टाकले. पुढे १९१४ साली कोल्हापुरात राजपुतळ्यास डांबर फासल्याचे प्रकरण उद्भवले. लठ्ठ्यांविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर विलक्षण दडपण आणले गेले. तुरुंग व मारहाण त्यांनी सोसली, पण साक्ष दिली नाही. ज्यांनी घराबाहेर काढले त्यांच्याचविषयी हे वर्तन! बोर्डिंगाने घातलेले अन्न आणि अधीक्षकांशी झालेला मतभेद यांची खाती त्यांनी निराळी ठेवली होती, असेच म्हणावे लागते.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये साताऱ्यास सर्व जातिधर्मांच्या मुलांचे वसतिगृह सुरू झाले. १९२७ साली महात्मा गांधींनी त्याचे नामकरण ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे केले. जैन बोर्डिंगातून निघालेल्या भाऊरावांना राजवाड्यात आसरा दिला होता तो शाहू महाराजांनीच. तेव्हा या नावामागे केवळ औपचारिक आदर नव्हता.

वसतिगृहाची आर्थिक स्थिती नेहमीच ओढगस्तीची असे. भाऊराव एकेकाळी किर्लोस्करांचे नांगर गावोगाव विकत हिंडलेले. माणसाच्या दारात उभे राहण्याचा संकोच त्यांना नव्हता. मूठमूठ धान्य जमविण्याचा मुष्टिफंड हा त्यांचा मोठा आधार. तरीही कोठीत दाणा नाही, असे प्रसंग येतच. अशा वेळी सौ. लक्ष्मीबाई पुढे होत. त्यांचे माहेर व सासर दोन्ही कर्मठ जैन संस्कारांचे; सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या या स्त्रीने महार, मांग, रामोशी, मुसलमान मुलांना एका पंक्तीस जेवू घालावे, हीच मोठी क्रांती होती. भाऊरावांच्या व्याख्यानांवर पुष्कळ लिहिले गेले. या स्वयंपाकघरावर मात्र त्या मानाने फारच थोडे. स्त्रीधन एकेक करून मुलांच्या अन्नासाठी गेले. शेवटी एका सणासुदीच्या वेळी, भाऊराव परगावी असताना, लक्ष्मीबाईंनी गळ्यातील मंगळसूत्रही मोडण्यास काढून दिले. सवाष्णीने मंगळसूत्र उतरविणे म्हणजे काय, हे ज्या समाजास सांगावे लागत नाही, त्यास या त्यागाचे मोल वेगळे सांगणे नको. १९३० मध्ये त्या निवर्तल्या.

त्या पंक्तीत जेवलेल्या मुलांनी ऋण कसे फेडले? भाऊरावांना परतफेड नको होती. ती तशी करताही आली नसती. मुले शेतावर राबली, इमारतींसाठी दगडमाती त्यांनी वाहिली, आणि शिकून आली ती पुष्कळशी संस्थेतच शिक्षक झाली. बॅ. पी. जी. पाटील हे याच बोर्डिंगाचे विद्यार्थी. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आल्यावर वकिलीत पैसा मिळविण्याचा मार्ग मोकळा असता ते संस्थेच्या सेवेत राहिले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

खरी कसोटी लागली १९४८ साली. गांधीहत्येनंतरच्या काळात भाऊरावांनी सरकारवर केलेल्या टीकेमुळे संस्थेचे सरकारी अनुदान थांबले. शेकडो शाळांचा संसार एकाएकी उघड्यावर आला. शिक्षकांच्या वेतनाची शाश्वती उरली नाही. तरीही शाळा चालत राहिल्या. ज्यांना बोर्डिंगाने पोसले होते, त्यांनी बोर्डिंगाला आता वाऱ्यावर सोडले नाही. अखेर संत गाडगे महाराजांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे शब्द टाकला व अनुदान पुन्हा सुरू झाले. १९५४ मध्ये कराडला निघालेल्या महाविद्यालयास सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव देण्यात आले.

नावांच्या बाबतीत भाऊराव कमालीचे काटेकोर होते. साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजचे नाव बदलल्यास मोठी देणगी देण्याची एकाने तयारी दाखविली, तेव्हा एक वेळ वडिलांचे नाव बदलीन, पण हे बदलणार नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिल्याचे प्रसिद्ध आहे. व्यापारी दृष्टीने पाहता सौदा वाईट नव्हता. परंतु देणगीदाराची पाटी ही संस्थेची गरज, आणि ज्याच्यामुळे आपण उभे राहिलो त्याचे स्मरण हे संस्थेचे कर्तव्य, यांतील फरक कित्येक विश्वस्त मंडळांना उशिरा कळतो.

९ मे १९५९ रोजी कर्मवीर निवर्तले. त्यांच्या मागे रयत सेवक व माजी विद्यार्थी संस्थेसाठी जो निधी जमवू लागले, त्यास ‘कृतज्ञता निधी’ असेच नाव आहे. शिक्षकाच्या पगारातून यथाशक्ति कापलेली रक्कम आणि मोठ्या पदावर पोहोचलेल्या माजी विद्यार्थ्याची देणगी त्यात शेजारी शेजारी जमा होतात.

लक्ष्मीबाईंचे स्मरणही याच पद्धतीने झाले. १९४० साली, त्या जाऊन दहा वर्षे झाल्यावर, संस्थेच्या सेवकांनी आपल्या बचतीतून ‘सौ. लक्ष्मीबाई भाऊराव पाटील शिक्षणोत्तेजक पतपेढी’ उभी केली. मंगळसूत्र मोडून मुलांना जेवू घालणाऱ्या बाईच्या नावाने कर्ज मिळू लागले. ती पतपेढी पुढे रयत सेवक सहकारी बँक झाली.