यंत्रबाहूंची जोडी

जड पेटी उचलतांना एकानें अंमळ अधिक रेटा दिला, तर दुसरा आपला हात आपोआप सैल सोडतो. लोखंडी बाहूस ही समज उपजत नसते. १९६१ सालीं अमेरिकेंत जनरल मोटर्सच्या कारखान्यांत ‘युनिमेट’ हा यंत्रबाहु सांच्यांतील तप्त भाग उचलूं लागला. नेमल्या जागीं हात नेणें एवढेंच त्यास ठाऊक होतें, आणि एकट्यास तें पुरेसें होतें. परंतु असे दोन बाहु एकच ताठर वस्तु धरतील, तर केसभर चुकीनेंही ते तिला चेपूं वा ताणूं लागतात. वस्तु तरी भंगते, नाहींतर बाहु तरी मोडतो.

१९७४ सालीं जपानांत नाकानो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ‘मेलआर्म’ यंत्रासाठीं तोड काढली: एका बाहूनें ठरल्या वाटेनें जावें, दुसऱ्यानें जाणवणाऱ्या जोराप्रमाणें त्याच्यामागें यावें. मात्र अनुयायी नेहमींच एक पाऊल मागें राही. १९८८ सालीं उचियामा व दोशे यांनीं दोघांस समान मानिलें आणि हिशेब दोन केले. वस्तूच्या गतीचा एक, तिच्या अंगांतील ताणाचा दुसरा. पहिल्यानें वस्तु मुक्कामीं पोंचते. ती धडधाकट पोंचते, तें दुसऱ्यामुळें.