ब्राउझर, सर्व्हर, कॉम्प्युटर : शेवटचा ‘-अर’ आधी माणसाचा होता

कुरुळीहून चाकण एमआयडीसीत शिरलं की कंपन्यांच्या गेटवर पाट्या दिसतात : फिटर, टर्नर, वेल्डर पाहिजेत. हे तिन्ही शब्द माणसांसाठी आहेत. आयटीआयच्या ट्रेडची नावंही हीच. आता हातातला फोन बघा. ब्राउझर, स्कॅनर, चार्जर, सर्व्हर. शेवट तोच, पण माणूस गायब!

इंग्रजीत क्रियापदाला ‘-अर’ जोडला की ‘ते काम करणारा’ तयार होतो. करणारा माणूस की वस्तू, हे तो शेवट सांगत नाही. मराठीत आपण बऱ्याचदा फरक करतो : लाटणारी आणि लाटणं, चाळणारा आणि चाळणी, गाळणारा आणि गाळणी. इंग्रजीत दोघांना एकच शेपूट. त्यामुळे यंत्र आलं की माणसाचं नाव त्याला सहज चिकटतं.

सगळ्यात मोठं उदाहरण कॉम्प्युटर. इंग्रजीत हा शब्द १६१३ पासून सापडतो, आणि त्याचा अर्थ होता आकडेमोड करणारा माणूस. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात राधानाथ सिकदार १८३१ साली कॉम्प्युटर म्हणूनच नोकरीला लागले आणि पुढे चीफ कॉम्प्युटर झाले. एव्हरेस्टची २९,००२ फूट ही उंची १८५६ मध्ये जाहीर झाली, ती अशा माणसांनी कागदावर केलेल्या हिशेबांतून. आपल्या जनगणना कार्यालयांत तर ‘कॉम्प्युटर’ आणि ‘असिस्टंट कम्पायलर’ ही कर्मचाऱ्यांची पदं त्यानंतरही बरीच वर्षं होती. कोडिंग शिकताना कम्पायलर एरर आली, की मला तोच टेबलामागचा बाबू आठवतो.

टाइपरायटरचं उलट झालं. आधी यंत्र आलं, मग ते चालवणाऱ्या मुलींनाही काही काळ टाइपरायटरच म्हणायचे. नंतर टायपिस्ट हा वेगळा शब्द रुळला.

सर्व्हर म्हणजे वाढपी. पंगतीत पान मांडून बसलेला तुमचा फोन ‘भात आणा’ म्हणतो, सर्व्हर आणून वाढतो. हॉल तिकिटाच्या दिवशी हजारो पानं एकदम मांडली जातात आणि वाढपी पुरे पडत नाहीत. त्याला आपण ‘सर्व्हर डाऊन’ म्हणतो.

ब्राउझर तर चक्क शेळी! ब्राउझ म्हणजे मुळात जनावरांनी झाडाचा कोवळा पाला, डिऱ्या कुरतडत फिरणं. पुढे पुस्तकं चाळत हिंडणाऱ्याला तो शब्द लागला आणि १९९० नंतर वेब उघडणाऱ्या प्रोग्रॅमला. एका लिंकवरून दुसरीवर आपण जे करतो, ते बघता शेळीच जास्त जवळची वाटते.

प्रत्येक ‘-अर’ मात्र असा नसतो. पेपर, वॉटर, नंबर यांत कोणी काही करत नाही.

मराठीतला ‘-क’ मात्र इंग्रजीसारखाच वागतो. लेखक, चालक माणसं, संगणक यंत्र. मुद्रक मधेच अडकलाय : पुस्तकाच्या पानावर तो छापखानेवाला असतो, शासकीय मराठीत कधी कधी प्रिंटर.

माझे वडील याच पट्ट्यात टर्नर होते. त्यांच्या लेथच्या जागी आता सीएनसी मशीन आहे. त्याला शॉपमध्ये सगळे ‘सीएनसी’च म्हणतात. टर्नर म्हटलं की अजून माणूसच वळून बघतो.