तळटीप : माणसांचा पडदा

‘घाशीराम कोतवाल’ (लेखक विजय तेंडुलकर, दिग्दर्शक जब्बार पटेल, पहिला प्रयोग पुणे, १६ डिसेंबर १९७२) या नाटकातील धोतर-पगडीवाल्या ब्राह्मणांची रांग. नेपथ्य म्हणावे असे रंगमंचावर याखेरीज फारसे काही नव्हते. रांगेने पाठ फिरवली की भिंत, गात डुलू लागली की पडदा, मधोमध फुटली की आतून नाना फडणवीस हजर. पलीकडचे प्रकार झाकण्याचे काम हीच माणसे करतात, आणि नाटकात त्यांचा गुन्हाही तोच आहे. रंगवलेल्या पडद्याला हे कधीच साधले नसते.

ही योजना पाश्चात्त्य प्रभावातून आली, असे मूळ मजकुराचे लेखक येथे सुचवतात. ते अर्धेच पटते. दशावतार, कोकणातले खेळे, कीर्तन यांच्याशी तिचे नाते उघड आहे. दशावतारात एका बाकड्याचे सिंहासन होते. तमाशात एक फेरी मारली की गाव बदलते. दिवाणखान्याच्या नेपथ्याला सरावलेल्या शहरी प्रेक्षकाच्याही हे अंगवळणी होतेच. पुढे वाद पेटला तो नानांच्या आणि ब्राह्मणांच्या चित्रणावरून, रिकाम्या रंगमंचावरून नव्हे. — संपा.