नऊ एकांचा वर्ग : एका डेम्लो संख्येवर भाष्य

१११११११११ × १११११११११ = १२३४५६७८९८७६५४३२१

सतरा अंकांची ही संयुक्त संख्या. लीलावतीतल्या स्थाननामांनी मोजली तर पहिला एक ‘मध्य’ स्थानी येतो. त्यापुढचं घर परार्धाचं. उभा गुणाकार मांडून पाहावा. नऊ एकांच्या नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उजव्या टोकाच्या स्तंभात एकच एक, शेजारी दोन, असं वाढत मधल्या स्तंभात नऊ, मग तसाच उतार. सर्वांत उंच स्तंभ नऊचा, म्हणून कुठेही हातचा येत नाही. दहा एक घेतले की मधल्या स्तंभाची बेरीज दहा होते, हातचा पुढे सरकतो आणि वर्ग येतो १२३४५६७९००९८७६५४३२१. दोन्हीकडून सारखं वाचता येणं तिथेच संपतं.

१२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९

मधला ९ बाजूला ठेवला आणि दोन्ही टोकं मिळवली, तर पुन्हा ९च ९. टोकांच्या बेरजेत एकच अंक पुनःपुन्हा यावा आणि मध्यभागी तोच अंक असावा, अशा संख्यांना द. रा. कापरेकरांनी डेम्लो म्हटलं. १२१ मध्ये १ + १ = २, १२३२१ मध्ये १२ + २१ = ३३. कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर होते. ही कल्पना त्यांना सुचली ती तेव्हाच्या जी.आय.पी. रेल्वेच्या डेम्लो स्टेशनात, म्हणजे आजच्या डोंबिवलीत, आणि नाव त्यावरूनच पडलं. आपल्या गोंदियाहून सुटणारी विदर्भ एक्स्प्रेस देवळाली आणि डोंबिवली, दोन्ही ओलांडून मुंबईला पोचते. या मार्गावरून जाणाऱ्या विद्यार्थ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

= ३ × ३ × ३ × ३ × ३७ × ३७ × ३३३६६७ × ३३३६६७

अवयव पाडायला वर्गाच्या वाटेला जाऊ नये, वर्गमूळ फोडावं. नऊ एकांचे तीन-तीनचे गट केले की १११ × १००१००१. पहिला ३ × ३७, दुसरा ३ × ३३३६६७. ३३३६६७ ही मूळ संख्या आहे. ५७७ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भाग देऊन कुणालाही खात्री करता येईल. एकूण विभाजक ५ × ३ × ३ = ४५.

१ + २ + … + ९ + … + २ + १ = ८१; संख्या ÷ ८१ = १५२४१५७८९९७१०४१

बाकी शून्य. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाणारी संख्या ती हर्षद, हे नावही कापरेकरांचंच. माझ्या मते या संख्येचं खरं वैभव या ओळीत आहे. पहिल्या दोन ओळींतला डौल १ पासून नऊ एकांपर्यंतच्या सगळ्या नऊ वर्गांना लाभला आहे. हर्षद मात्र त्यांतले तीनच. हातचा नसल्यामुळे न एकांच्या वर्गातल्या अंकांची बेरीज न × न येते. म्हणून प्रश्न एवढाच उरतो, की न एकांच्या संख्येला न ने पूर्ण भाग जातो का? २, ४, ६, ८ बाद, कारण शेवटचा अंक एक, संख्या विषम. त्याच एकामुळे ५ बाद. १११११११ ला सातने भागावं: सहा एकांना सात पूर्ण जातो, म्हणून सात एकांत बाकी १. उरले १, ३ आणि ९. म्हणजे १, १२३२१ आणि आपली संख्या. दहा एकांच्या वर्गात अंकांची बेरीज ८२ होते. संख्या विषम, तेव्हा ८२ ने भाग जाणं शक्यच नाही.