देवास (थोरली पाती) : दरबारातील इंग्रज शिक्षक व त्यांचे परवाने

परक्या मुलखातल्या मास्तराने नोकरी बदलली की परवानाही नव्याने काढायचा, हा आजचा शिरस्ता. शंभर वर्षांपूर्वी देवासला हेच काम ओळखीवर आणि सरकारी हुकमावर निभत असे. देवास हे पवारांचे गाव. पाती दोन, थोरली आणि धाकटी, आणि दोन्ही दरबार चामुंडेच्या एकाच टेकडीखाली. धारचे पवार त्यांचे भाऊबंद.

थोरल्या पातीचे तुकोजीराव तिसरे (१८८८–१९३७) अजमेरच्या मेयो कॉलेजात शिकले. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींचे ते जावई. १९०७ मध्ये माल्कम डार्लिंग हा पंजाबातला तरुण आयसीएस अधिकारी त्यांचा शिक्षक-पालक म्हणून आला. चाकरी सरकारचीच राहिली. संस्थानाने माणूस फक्त उसना घेतला होता. काम संपल्यावर तो पंजाबात परतला आणि पुढे तिथल्या शेतकऱ्याच्या कर्जावर ग्रंथ लिहून नावाजला. देवासशी जडलेली दोस्ती मात्र त्याने सोडली नाही.

त्या दोस्तीतूनच केंब्रिजचा त्याचा मित्र ई. एम. फॉर्स्टर इकडे आला. त्याची शिकवणी इंग्लंडातली होती: १९०६ पासून तो सय्यद रॉस मसूदला लॅटिन शिकवी. १९१२ च्या अखेरीस तो देवासला पाहुणा म्हणून येऊन गेला. १९२१ मध्ये आला तो महाराजांचा खाजगी सचिव म्हणून; नेहमीचा सचिव, एक इंग्रज कर्नल, रजेवर होता. हिंदुस्थानात शिरायला पासपोर्ट हवा असे ठरवणारा कायदा आदल्याच वर्षी, १९२० मध्ये झाला होता. फॉर्स्टर ब्रिटिश प्रजाजन. नोकरीसाठी वेगळा व्हिसा काढण्याचा प्रश्नच नव्हता.

हुद्दा सचिवाचा, पण लिहिण्यावाचण्याशी त्याचा फारसा संबंध आला नाही. बागा, टेनिसकोर्ट, मोटारी, पाहुणेघर, वीजघर असे सगळे त्याच्या गळ्यात पडले. गोकुळाष्टमीला जुन्या वाड्यात तो अनवाणी वावरला. त्या उत्सवाची छाया ‘अ पॅसेज टू इंडिया’त (१९२४) पडली: कादंबरीतल्या उत्सवात एका इंग्रजी वचनातल्या ‘इज’ची दोन अक्षरे उलटसुलट पडून ‘सी’ झाले आहे. एखाद्या मास्तराने लाल शाई काढली असती. याने ते तसेच ठेवले. १९२१ च्याच अखेरीस देवास सोडून तो हैदराबादला मसूदकडे गेला. देवासची हकिगत त्याच्या ‘द हिल ऑफ देवी’त (१९५३) आहे.

१९२० चा तो कायदा २०२५ च्या नव्या इमिग्रेशन व परदेशी नागरिक कायद्याने मोडीत निघाला. आता परदेशी शिक्षकाला एम्प्लॉयमेंट व्हिसा लागतो आणि तो नोकरी देणाऱ्या संस्थेशी बांधलेला असतो. देवासच्या शाळेतल्या परदेशी बाईंना धारच्या शाळेने बोलावले, तर साधारणतः मायदेशी जाऊन नवा व्हिसा काढावा लागतो; इथल्या इथे बदल मिळतो तो मुख्यतः एकाच उद्योगसमूहातल्या कंपन्यांमध्ये, तोही गृहखात्याच्या मंजुरीने. टुरिस्ट व्हिसावर येऊन नोकरी धरता येत नाही. किमान पगाराचीही अट आहे, वर्षाला सव्वासोळा लाखांची. भाषाशिक्षकांना तीतून सूट आहे, त्यामुळे फ्रेंच किंवा जपानी शिकवणारा कमी पगारावर येऊ शकतो. इंग्रजी शिकवणाऱ्याला ही सूट नाही.